दोन कार्डांची जोडी

संगणकावरच्या खेळांसाठी एकाच यंत्रात दोन ग्राफिक्स कार्डे बसवण्याची प्रथा १९९८ साली सुरू झाली आणि २०२२ पर्यंत जवळजवळ संपली. या काळात तिचे मालक बदलले, तंत्र बदलले, जोडपट्टी बदलली. ग्राहकापुढचा प्रश्न मात्र एकच राहिला: हाताशी आहेत तेवढ्या पैशांत मधल्या दर्जाची दोन कार्डे घ्यावीत, की वरच्या दर्जाचे एकच? कोल्हापूरसारख्या शहरातून पाहिले, तर ‘एकच’ या उत्तराची बाजू पहिल्यापासून भक्कम होती. त्यामागे खिशाचा विचार होताच, पण विजेचा, उष्णतेचा आणि पुण्या-मुंबईपासूनच्या अंतराचाही तितकाच होता. पुढे खेळ बनवण्याची पद्धतच अशी बदलली की ही बाजू सगळीकडेच खरी ठरली.

एक मोठे यंत्र की अनेक लहान, हा वाद महाराष्ट्राला नवा नव्हता. १९८०च्या दशकात भारताला हवा तेवढा ताकदवान क्रे महासंगणक द्यायला अमेरिका तयार झाली नाही. हवामानाच्या कामासाठी खालच्या क्षमतेचा तेवढा मिळाला. त्यानंतर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर तिचे प्रमुख होते. १९९१ साली तयार झालेल्या ‘परम ८०००’मध्ये एकही महाकाय प्रोसेसर नव्हता. इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर त्यात जाळ्यासारखे जोडले होते. हवामानाच्या गणितात नकाशाचे तुकडे पाडता येतात. प्रत्येक प्रोसेसर आपला तुकडा सोडवतो आणि फक्त कडेचे आकडे शेजाऱ्याला कळवतो. अशा कामात लहानांची फौज मोठ्याची बरोबरी करू शकते. काम करणाऱ्यांना एकमेकांना सतत विचारावे लागले, तर मात्र विचारण्यातच वेळ जातो आणि फौजेचा उपयोग उरत नाही. दोन कार्डांच्या जोडीचे पुढे जे काही झाले ते याच नियमाने झाले.

कॅलिफोर्नियातल्या थ्रीडीएफएक्स कंपनीने १९९८ च्या सुरुवातीला वूडू २ हे कार्ड बाजारात आणले. ते केवळ त्रिमिती चित्रे काढी. रोजच्या विंडोजच्या पडद्यासाठी दुसरे साधे कार्ड लागेच, आणि त्याची केबल वूडूमधून फिरवून मॉनिटरला न्यावी लागे. अशी दोन वूडू २ कार्डे एका छोट्या पट्टीने जोडली, की चित्रातल्या विषम ओळी एक कार्ड काढी आणि सम ओळी दुसरे. एकट्या कार्डाची मजल ८०० गुणिले ६०० ठिपक्यांपर्यंत होती. जोडी १०२४ गुणिले ७६८ पर्यंत जाई. त्या काळच्या ‘क्वेक २’सारख्या खेळात हा फरक डोळ्यांना सहज दिसे. ओळींची वाटणी सोपी होती, कारण तेव्हाच्या खेळात एका ओळीचा रंग ठरवायला शेजारच्या ओळीकडे पाहावे लागत नसे. १२ एमबीच्या एका कार्डाची किंमत सुमारे ३०० डॉलर होती. डॉलर चाळीस रुपयांच्या आसपास असताना, जकात आणि दुकानदाराचा नफा सोडूनही, जोडीचा हिशेब चोवीस हजारांवर जाई. तेव्हाच्या मध्यमवर्गीय घरात अख्खा संगणकच हप्त्यांवर येत असे.

ही पहिली जोडी फार काळ टिकली नाही. ग्राफिक्स कार्डांसाठी आलेल्या एजीपी या नव्या स्लॉटची मदरबोर्डवर एकच जागा असे, त्यामुळे दुसरे कार्ड बसवायचे कुठे हाच प्रश्न झाला. त्यावर तोडगा म्हणून कंपन्यांनी एकाच कार्डावर दोन चिप बसवल्या. १९९९ अखेरच्या एटीआयच्या रेज फ्युरी मॅक्सने ओळींऐवजी फ्रेम वाटून घेतल्या: पहिली फ्रेम एका चिपकडे, दुसरी दुसरीकडे, तिसरी पुन्हा पहिलीकडे. कोल्हापूरच्या जुन्या चित्रपटगृहांत प्रोजेक्शनच्या खोलीत दोन यंत्रे असत. एकावरचे रीळ पडद्यावर चालू असताना ऑपरेटर दुसऱ्यावर पुढचे रीळ चढवून ठेवी आणि प्रेक्षकाला सांधा कळत नसे. एकाआड एक फ्रेमची पद्धत तशीच होती, फक्त इथे रिळाची लांबी वीस मिनिटांऐवजी सेकंदाचा साठावा भाग होती आणि दोन्ही यंत्रे एकाच वेळी राबत होती. पण विंडोज २००० मध्ये मॅक्सची दुसरी चिप चालतच नव्हती. थ्रीडीएफएक्सचे दोन चिपांचे वूडू ५ २००० साली आले, चार चिपांचे दुकानापर्यंत पोहोचलेच नाही. त्याच वर्षअखेर कंपनीने आपली मालमत्ता आणि पेटंट एनव्हिडियाला विकायचे ठरवले.

जोडीचा दुसरा जन्म २००४ साली झाला. पीसीआय एक्सप्रेस या नव्या जोडणीत एका मदरबोर्डवर दोन लांब स्लॉट देणे शक्य झाले. एनव्हिडियाने थ्रीडीएफएक्सने जोडीला दिलेली एसएलआय ही आद्याक्षरे तशीच ठेवून आतले तंत्र नवे आणले. पुढच्या वर्षी एटीआयने क्रॉसफायर आणले. त्याच्या पहिल्या आवृत्तीत एक खास ‘मास्टर’ कार्ड घ्यावे लागे आणि दोन कार्डांना कॅबिनेटच्या मागून जाड केबलने जोडावे लागे. प्रकार इतका ओबडधोबड होता, की वर्षभरात आतली पट्टी आणावी लागली.

ग्राहकाला खरी अडचण कार्डापेक्षा मदरबोर्डची होती. एसएलआय हवे तर आरंभी मदरबोर्डही एनव्हिडियाच्याच चिपसेटचा घ्यावा लागे. इंटेलच्या चिपसेटवर परवाना मिळायला २००८ साल उजाडले. भारतातल्या असेंबल्ड पीसीत त्या काळी सर्रास दिसणारे जी३१ आणि नंतरचे एच६१ चिपसेटचे बोर्ड लहान आकाराचे असत आणि त्यांवर ग्राफिक्ससाठी एकच लांब स्लॉट असे. म्हणजे ‘पुढे दुसरे कार्ड जोडू’ असे ठरवणाऱ्याला पहिल्याच दिवशी महागडा बोर्ड घ्यावा लागे. तो बोर्ड, वीज पुरवणारा मोठा एसएमपीएस आणि ऐसपैस कॅबिनेट यांचा खर्च परदेशी नियतकालिकांच्या तुलनातक्त्यांत कार्डांच्या किमतीसमोर क्वचितच मांडलेला असे.

दुसरी गफलत मेमरीची होती. २००४ च्या जीफोर्स ६६०० जीटीची किंमत सुमारे २०० डॉलर होती आणि वरच्या ६८०० जीटीची सुमारे ४००. दोन लहान की एक मोठे, हिशेब अगदी सरळ दिसे. पण दोन्ही कार्डांना आपापली पूर्ण फ्रेम काढायची असल्याने खेळातले सगळे पोत, सगळ्या आकृती दोघांच्याही मेमरीत हजर लागत. १२८ एमबीची दोन कार्डे मिळून खेळाला २५६ नव्हे, १२८ एमबीच मिळे. एकट्या ६८०० जीटीकडे मात्र खरोखरच २५६ एमबी होती. दुकानातल्या पाटीवर दोन आकड्यांची बेरीज करून लिहिण्याचा मोह अनेकांना झाला, आणि मधल्या दर्जाच्या जोडीचे आयुष्य याच बाबतीत सर्वांत आधी संपे: नव्या खेळांना वेग नव्हे, मेमरी कमी पडे.

जोडीच्या बाजूचा सर्वांत भक्कम दाखला २०१० सालचा आहे. जुलैमध्ये आलेल्या जीफोर्स ४६०च्या १ जीबी कार्डाची किंमत २२९ डॉलर होती. त्याआधी मार्चमध्ये आलेले जीफोर्स ४८० हे एनव्हिडियाचे तेव्हाचे सर्वांत मोठे कार्ड ४९९ डॉलरचे होते. दोन ४६० मिळून ४५८ डॉलर होत, आणि बहुतेक खेळांत ही जोडी एकट्या ४८०च्या पुढे जाई. त्यातून ४८० हे स्वभावानेच तापट. चिपचे तापमान नव्वद अंशांच्या पुढे नेण्यासाठी ते कुप्रसिद्ध होते. कागदावर जोडी निर्विवाद जिंकत होती.

हाच दाखला कोल्हापुरात आणून मांडला की चित्र बदलते. एका ४६० कार्डाला १६० वॅट लागत आणि त्या वर्षीच्या मध्यम इंटेल कोअर आय५ प्रोसेसरला ९५. बोर्ड, हार्ड डिस्क, पंखे धरले तरी एका कार्डाचे यंत्र तीनशे वॅटच्या आसपास राही. घरोघरी संगणकाखाली ठेवलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार पेलतो. एक कार्ड त्यात कसेबसे बसे. दुसरे घातले की भार साडेचारशेच्या पुढे जाऊन वीज जाताक्षणी यूपीएसची शिट्टी वाजे आणि यंत्र बंद पडे. राज्यात ते लोडशेडिंगचे दिवस होते. खेळ अर्ध्यावर राहिला तर फार बिघडत नाही, पण वीज परत येताना होणारा दाबाचा चढउतार महागड्या भागांच्या जिवावर उठे.

एसएमपीएसची गोष्ट आणखी बारीक आहे. स्वस्त कॅबिनेटबरोबर येणाऱ्या एसएमपीएसच्या डब्यावर ४५० वॅट असे छापलेले असले, तरी तेवढे वॅट त्यातून सलग निघतीलच याची खात्री नसे. एका ४६० कार्डाला सहा पिनांच्या दोन जोडण्या लागत, म्हणजे जोडीला चार. स्वस्त डब्यातून अशी फार तर एक वायर बाहेर येई. मग हार्ड डिस्कसाठी असलेल्या चार पिनांच्या वायरींना कन्व्हर्टर लावून काम भागवले जाई. अशी तडजोड एका कार्डासाठी चालून जाई. दोन कार्डांसाठी ती केली, तर भर खेळात पडदा काळा होणे किंवा कनेक्टर वितळणे हे ठरलेले असे. त्यात एप्रिल-मेच्या दुपारी खोलीतली हवाच ३८ अंशांच्या घरात. दोन कार्डांमध्ये बोटभर जागा, आणि वरच्या कार्डाच्या पंख्याला खालच्याच्या तापलेल्या पाठीवरची हवाच ओढायला मिळे.

अंतराचा प्रश्नही होता. सुट्या भागांची घाऊक पेठ मुंबईत, सुमारे पावणेचारशे किलोमीटरवर. वरच्या दर्जाचे कार्ड कोल्हापुरातला दुकानदार सहसा मागणी नोंदवूनच मागवी. जोडीतले एक बिघडले, तर ते वॉरंटीत पाठवल्यावर परत येईपर्यंत यंत्र अर्ध्या ताकदीवर चाले. आणि बदली म्हणून पुढच्या मालिकेतले कार्ड आले, तर एसएलआयच्या नियमाप्रमाणे जुन्याशी त्याची जोडी जमतच नसे.

‘आज एक घ्या, पुढे स्वस्त झाले की दुसरे जोडा’ हा जोडीच्या बाजूचा सर्वांत लोकप्रिय सल्ला होता. शिवाजी उद्यमनगरच्या लेथवर सुटा भाग बनवून जुने इंजिन वर्षानुवर्षे चालवणाऱ्या शहराला तो पटण्यासारखाही होता. पण इंजिनाचा भाग दहा वर्षांनीही ओतून, कातून घेता येतो. चिपचे तसे नाही. दोन वर्षांत ते मॉडेल दुकानातून नाहीसे होई, आणि उरलेला साठा स्वस्त होण्याऐवजी महागच होई. शिवाय तोवर नवी पिढी आलेली असे. नोव्हेंबर २००६ मधल्या एकट्या ८८०० जीटीएक्सने आधीच्या ७९०० जीटीएक्सच्या जोडीला मागे टाकले. २०१६ साली तर एनव्हिडियाने जीफोर्स १०८० लोकांपुढे आणताना, ते एकटे दोन ९८० कार्डांहून वेगवान आहे अशीच जाहिरात केली. ज्या ग्राहकांनी आदल्या वर्षी जोडी घेतली होती त्यांच्यासाठी यापेक्षा बोलका हिशेब दुसरा नव्हता.

खेळ सोडून कामाकडे पाहिले तरी चित्र वेगळे नव्हते. फौंड्री आणि यंत्रभागांच्या व्यवसायामुळे कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागात संगणकावर आराखडे काढणे आणि ओतकामाचे सिम्युलेशन करणे रुळत गेले; आयआयटी मुंबईत घडलेले ऑटोकास्ट हे या कामाचेच सॉफ्टवेअर. आराखड्यांच्या बहुतेक सॉफ्टवेअरना दुसऱ्या कार्डाचा फायदा घेता येत नसे आणि सिम्युलेशनचा भार मुख्यतः प्रोसेसरवर असे. त्यामुळे ग्राफिक्स कार्डाचा धंद्यासाठी विचार करणाऱ्यालाही एकच चांगले कार्ड पुरे होते. नेट कॅफेत चालणारे ‘काउंटर-स्ट्राइक’ किंवा ‘व्हाइस सिटी’ तर त्याहून कमी मागत.

वेग मोजण्याच्या पद्धतीतला दोष उघड व्हायला २०११ साल यावे लागले. तोवर सगळे एका सेकंदात किती फ्रेम पडतात ते मोजत. ६० फ्रेम म्हणजे सरासरी दर १६.७ मिलिसेकंदांना एक. पण जोडीतल्या दोन कार्डांचा ताल बिघडला, तर एक फ्रेम ४ मिलिसेकंदांत आणि पुढची २९.४ मिलिसेकंदांत येऊ शकते. सरासरी तीच १६.७, मोजपट्टीवर साठच. डोळ्यांना मात्र खेळ ३४ फ्रेमचा आणि अडखळणारा वाटतो. टेक रिपोर्ट या अमेरिकी संगणक-परीक्षण स्थळावर स्कॉट वॉसन यांनी सप्टेंबर २०११ मध्ये सेकंदाच्या आत शिरून प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजण्याची पद्धत मांडली. २०१३ मध्ये पडद्याकडे जाणारे चित्रच पकडून तपासण्याची साधने आली, तेव्हा क्रॉसफायरच्या काही फ्रेम पडद्यावर जेमतेम काही ओळींपुरत्या उमटतात असे दिसले. मोजणीत त्या पूर्ण फ्रेम म्हणून धरल्या जात होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, एटीआयला २००६ मध्येच विकत घेतलेल्या एएमडीने फ्रेमचा ताल सांभाळणारा ड्रायव्हर दिला. जोडी घेतलेल्या खेळाडूंची ‘आकडा मोठा, पण मजा नाही’ ही तक्रार त्याआधी अनेक वर्षे मनाचे खेळ म्हणून झटकली जात होती.

ताल सुधारला तरी एक गोष्ट सुधारण्यासारखी नव्हती. एकाआड एक फ्रेमच्या पद्धतीत प्रत्येक कार्ड आपल्या फ्रेमवर पूर्वीइतकाच वेळ घालवते. एका कार्डाला ३३ मिलिसेकंद लागत असतील, तर जोडीने पडद्यावर साठ फ्रेम पडतात खऱ्या, पण प्रत्येक फ्रेम ३३ मिलिसेकंद शिळी असते. बटण दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंतचा वेळ कमी होत नाही. जिथे चपळाईचा कस लागतो त्या खेळांत एकटे वेगवान कार्ड म्हणूनच सरस ठरे.

दरम्यान एकाच पाटीवर दोन चिप ठेवण्याची हौसही चालू राहिली. २०१२ चे जीफोर्स ६९० ९९९ डॉलरचे, २०१४ चे आर९ २९५एक्स२ १,४९९ डॉलरचे, ५०० वॅटचे, पाण्याने थंड राहणारे. त्याच वर्षीचे टायटन झेड २,९९९ डॉलरचे. वस्तू म्हणून ती देखणी होती. आतून तीही जोडीच असल्याने जोडीचे सगळे दोष तिच्यात होते.

जोडी अखेर संपली ती खेळांच्या आतल्या बदलामुळे. दर नव्या खेळासाठी काम कसे वाटायचे याची सूचना, म्हणजे प्रोफाइल, ड्रायव्हरमध्ये घालावी लागे. ती आली नाही, तर दुसरे कार्ड नुसते तापत बसे. २०१० नंतरच्या दशकात खेळ बनवणारे आधीच्या फ्रेमचा अधिकाधिक उपयोग करू लागले. कडा गुळगुळीत करण्यासाठी मागच्या फ्रेममधले ठिपके नव्या फ्रेममध्ये मिसळायचे, सावल्या आणि प्रतिबिंबे अनेक फ्रेमांवर हळूहळू साठवायची, कमी ठिपक्यांच्या चित्रातून मोठे चित्र घडवायचे, ही तंत्रे रूढ झाली. एका कार्डात मागची फ्रेम हाताशीच असते. जोडीत मात्र ती दुसऱ्या कार्डाच्या मेमरीत असते. ती मागवायची, येईपर्यंत थांबायचे आणि मग काम सुरू करायचे. दोन कार्डे एकमेकांची वाट पाहू लागली की वाटणीचा सगळा फायदा वाट पाहण्यातच जाई. एकाआड एक फ्रेम काढणे दोन फ्रेम परस्परांपासून स्वतंत्र होत्या तोवरच शक्य होते.

२०१५ साली विंडोज १०बरोबर आलेल्या डायरेक्टएक्स १२ ने दोन कार्डांत काम वाटण्याची जबाबदारी ड्रायव्हरकडून काढून खेळ बनवणाऱ्यांवर सोपवली. ‘अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी’ या खेळात तर एएमडी आणि एनव्हिडिया या हाडवैऱ्यांची कार्डे एकत्र चालवून दाखवण्यात आली. पण जोडी बाळगणारे ग्राहक मूठभर, आणि त्यांच्यासाठी महिनोन्‌महिने राबायला फार कोणी तयार नव्हते. कंपन्यांनीही पाय काढता घेतला. २०१६ च्या जीफोर्स १०६०वर जोडपट्टीची खाचच नव्हती. त्या वर्षीच्या मालिकेत तीन-चार कार्डांचा नाद सोडून दोनावर मर्यादा आली. २०१९ च्या एएमडी आरएक्स ५७०० कार्डांत क्रॉसफायर नव्हते. २०२० च्या जीफोर्स मालिकेत एकट्या आरटीएक्स ३०९०वर खाच उरली. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या मालिकांसाठी नवी एसएलआय प्रोफाइल देणे बंद केले, आणि ऑक्टोबर २०२२ च्या आरटीएक्स ४०९०वरून खाच पूर्णपणे गेली.

खेळांबाहेर मात्र अनेक कार्डे जोडण्याला याच काळात बहर आला. इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामासाठी लोखंडी चौकटीवर सहा-सहा, आठ-आठ कार्डे टांगली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाने पद्धत बदलली आणि तो धंदा एका दिवसात बसला. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिमिती दृश्ये तयार करताना दुसरे कार्ड वेग जवळजवळ दुप्पट करते, कारण तिथे एका तुकड्याला दुसऱ्याशी बोलावे लागत नाही. पुण्यात सी-डॅकने २०२० साली उभारलेला ‘परम सिद्धी-एआय’ महासंगणक एनव्हिडियाच्या ए१०० या ग्राफिक्स-वंशाच्या चिपांच्या जाळ्यावर चालतो. त्या नोव्हेंबरच्या जागतिक यादीत तो ६३व्या क्रमांकावर होता.

घरगुती वापरात जोडी आज टिकून आहे ती एआयची भाषा-प्रारूपे चालवणाऱ्यांकडे. त्यांची मागणी असते ती बहुधा वापरलेल्या आरटीएक्स ३०९०ला, कारण प्रत्येक कार्डावर २४ जीबी मेमरी आहे. प्रारूपाचे अर्धे थर एका कार्डात आणि अर्धे दुसऱ्यात ठेवता येतात, आणि दोहोंमध्ये जाणारी माहिती थोडीच असते. खेळासाठी जोडलेल्या कार्डांना प्रत्यक्षात जे कधी साधले नाही, ते या कामात साधते: २४ आणि २४ मिळून खरोखरच ४८ जीबी होतात.